गोमतीकाठची माणसं भूमध्य समुद्रात

छोट्या जहाजातून भूमध्य समुद्राची सफर ही आज हौसेची गोष्ट झाली आहे. माल्टा, इझमीर, इस्तंबूल, अलेक्झांड्रिया ही नावं सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या लखनौची माणसं दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी याच बंदरांतून गेली होती. कुणी नोकरी गेली म्हणून, कुणी जग बघायच्या वेडापायी, तर एक राजमाता आपल्या मुलाचं राज्य परत मागायला!

रात्री जहाजावर निजायचं आणि सकाळी डोळे उघडले की खिडकीबाहेर नवं गाव. सामान एकदाच लावायचं, बॅगा भरायची कटकट नाही, रोजचं हॉटेल शोधणं नाही. आज व्हेनिसजवळचं एखादं जुनं बंदर, उद्या क्रोएशियाचं तटबंदीचं गाव, परवा ग्रीसचं पांढऱ्या घरांचं बेट. मुलांची लग्नं उरकली, कर्जाचे हप्ते संपले की एकदा अशी सफर करायचीच, असं मनाशी ठरवलेली जोडपी आता मुंबई-पुण्यात जशी भेटतात तशी लखनौच्या हजरतगंजमध्येही भेटतात.

या सफरींचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे समुद्रावर तरंगणारं अख्खं गावच. पाच-सहा हजार प्रवासी, दहा-पंधरा मजले, पोहण्याचे तलाव, नाटकगृहं, दुकानं. दुसरा प्रकार छोट्या जहाजांचा. यांत शंभर-दोनशे प्रवासी असतात. शिडाच्या काही नौकांवर तर तीस-चाळीसच. छोट्या जहाजाचं भाडं दिवसाच्या हिशेबात जास्त पडतं आणि करमणूकही कमी असते. तरीही जाणकार प्रवासी तेच निवडतात. कारण साधं आहे. भूमध्य समुद्राकाठची जुनी गावं वसली ती शिडाच्या जहाजांच्या काळात. त्यांची बंदरं त्याच मापाची. मोठं जहाज गावापासून लांब नांगर टाकतं आणि माणसांना होड्यांतून किनाऱ्यावर आणतं. छोटं जहाज मात्र थेट जुन्या धक्क्याला लागतं आणि उतरलं की दहा पावलांवर बाजार! मोठ्या जहाजांच्या गर्दीला गावंही कंटाळली आहेत. व्हेनिसच्या मुख्य जलमार्गात, सेंट मार्क चौकासमोरून, २५ हजार टनांवरच्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून बंदीच आहे.

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबरचा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि गर्दी अफाट, म्हणून मे किंवा सप्टेंबर बरा. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यायला हवी. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस या सगळ्यांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो, पण तुर्कस्तान त्यात नाही. जहाज ग्रीसमधून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येणार असेल, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा आणि तुर्कस्तानचे नियम वेगळे बघून घ्यायला हवेत. नाहीतर सोबतची मंडळी गाव बघायला उतरतात आणि आपण डेकवर उभं राहून हात हलवत बसतो.

लखनौच्या ज्या माणसांची ही हकिकत आहे, त्यांना व्हिसा लागला नाही. पण त्यांतल्या एका बाईंना परतीच्या वाटेवर एका कागदासाठी अडवण्यात आलं होतं. ती गोष्ट पुढे येईलच.

बेकार मिर्झा

पहिले प्रवासी मिर्झा अबू तालिब खान. जन्म लखनौचा, १७५२ सालचा. वडील इराणातल्या इस्फहानहून आलेले. अबू तालिब फारसीचे विद्वान आणि महसुलाच्या कामात मुरलेले. नवाब आसफउद्दौलाच्या राजवटीत त्यांनी मोठ्या हुद्द्यांवर कामं केली. पण दरबारचा कारभारी हैदर बेग खान याच्याशी त्यांचं बिनसलं आणि नोकरी गेली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. आश्वासनं मिळाली, काम मिळालं नाही. पदरी कुटुंब, हाताला धंदा नाही, वय चाळिशी ओलांडलेलं. अशा वेळी डेव्हिड रिचर्डसन या ओळखीच्या इंग्रज कप्तानाने विचारलं, ‘माझ्याबरोबर विलायतेला येता का? वाटेत तुम्हाला इंग्रजी शिकवीन.’ मिर्झा तयार झाले. प्रवासात मरण आलं तरी चिंतेतून सुटका होईल, असा विचार तेव्हा मनात आल्याचं त्यांनी पुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे.

फेब्रुवारी १७९९ मध्ये एका डॅनिश जहाजातून ते निघाले. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, आयर्लंडमार्गे लंडनला पोहोचायला १८०० चा जानेवारी उजाडला. तिथे त्यांचं फार कौतुक झालं. राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांची भेट घडली. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यांना ‘पर्शियन प्रिन्स’च करून टाकलं. आपण राजपुत्र असल्याचं मिर्झांनी कधी सांगितलं नव्हतं, पण लोक ऐकतात कुठे? अडीच वर्षं ते मेजवान्या खात हिंडले, पण मान वर करून नुसती वाहवा करत बसले नाहीत. इंग्रजांचे गुण त्यांनी नोंदवले आणि दोषांचीही भलीमोठी यादी केली. गर्व, पैशाची हाव, ऐषआराम, झोपण्यात आणि नटण्यात घालवलेला वेळ! आशियातल्या बायका गुलामीत जगतात, हे ऐकून ऐकून ते इतके वैतागले की त्यावर त्यांनी एक निबंधच लिहिला. घर, मुलं, नोकरचाकर आणि पैसाअडका यांवर आमच्याकडच्या बायकांचा जेवढा अधिकार चालतो तेवढा तुमच्याकडे चालतो का, असा त्यांचा सवाल होता. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर हक्क देणारे कायदे १८७० आणि १८८२ साली झाले, हे ध्यानात घेतलं तर मिर्झांचा सवाल पोकळ नव्हता असं म्हणावं लागतं.

भूमध्य समुद्र त्यांना लागला तो परतीच्या वाटेवर. मार्च १८०२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात आमियांचा तह झाला. युद्ध थांबलं, रस्ते उघडले. जूनमध्ये मिर्झा लंडनहून निघाले आणि पॅरिस पाहून ल्योनमार्गे मार्सेच्या बंदरात आले. लखनौकरांना ल्योन हे नाव परकं नाही. लखनौमध्ये अफाट संपत्ती मिळवून १८०० साली तिथेच वारलेला क्लोद मार्तँ मूळचा ल्योनचा. त्याच्या मृत्युपत्रातून लखनौ, कलकत्ता आणि ल्योन अशा तिन्ही ठिकाणी ‘ला मार्टिनियर’ शाळा निघाल्या.

मार्सेहून पुढे मिर्झांचा प्रवास आजच्या एखाद्या छोट्या जहाजाच्या सफरीसारखाच झाला. जेनोवा, लिव्होर्नो, माल्टा, स्मिर्ना आणि शेवटी कॉन्स्टँटिनोपल. आज हीच स्मिर्ना इझमीर झाली आहे आणि कॉन्स्टँटिनोपल इस्तंबूल. फरक एवढाच की मिर्झांना वेळापत्रक नव्हतं. वारा असेल तर जहाज निघणार आणि सोबत मिळाली तर पुढे जायचं.

माल्टाला ते पोहोचले तेव्हा हे चिमुकलं बेट साऱ्या युरोपच्या भांडणाचं मूळ झालं होतं. १५३० पासून तिथे सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं. जून १७९८ मध्ये इजिप्तकडे जाता जाता नेपोलियनने ते घेतलं, १८०० मध्ये इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून काढून घेतलं. आमियांच्या तहाप्रमाणे बेट सरदारांना परत द्यायचं ठरलं होतं. इंग्रजांनी ते दिलं नाही, आणि मे १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं त्याच्या कारणांत माल्टा अग्रभागी होतं. लखनौच्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. एकदा पाऊल टाकलेली जागा कंपनी सहसा सोडत नाही, हे अवधने जवळून पाहिलं होतं.

माल्टाची भाषा आजही भारतीय प्रवाशाला चकित करते. लिपी रोमन, लोक कट्टर कॅथलिक, पण भाषा मुळात अरबी. तिथल्या चर्चमध्ये देवाला ‘अल्ला’ म्हणतात! राजधानी व्हॅलेटा ही १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर बांधलेली. तिथल्या सेंट जॉनच्या देवळात काराव्हाजोने १६०८ साली रंगवलेलं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचं प्रचंड चित्र आहे. छोटं जहाज तटबंदीच्या अगदी कुशीत उभं राहतं आणि पिवळसर दगडाचं अख्खं शहर उन्हात उजळलेलं दिसतं.

इस्तंबूलहून मिर्झांनी समुद्र सोडला आणि खुष्कीच्या मार्गाने बगदाद, करबला, नजफ गाठलं. इथेही त्यांना लखनौ भेटलंच. नजफच्या भागाला पाणी मिळावं म्हणून आसफउद्दौलाने पाच लाख रुपये पाठवले होते आणि त्यातून युफ्रेटिसचा कालवा निघाला होता. हिंदुस्थानच्या पैशाचा म्हणून त्याचं नाव पडलं हिंदिया. बसरा, मुंबई करत ऑगस्ट १८०३ मध्ये मिर्झा कलकत्त्याला परतले. त्याच ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि दुसरं इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं. घरी आल्यावर मिर्झांनी फारसीत आपलं प्रवासवर्णन लिहिलं. १८१० साली लंडनमध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं, मग फ्रेंच. ज्यांनी त्यांना राजपुत्र ठरवलं होतं, त्यांना आता आपले दोष आपल्याच भाषेत वाचायला मिळाले.

घोंगडीवाला सुभेदार

दुसरा प्रवासी अगदी वेगळ्या मातीचा. नाव यूसुफ खान, टोपणनाव कंबलपोश, म्हणजे घोंगडी पांघरणारा. मूळचा हैदराबादचा. हिंडत हिंडत १८२८ साली लखनौला आला आणि नवाब नसिरुद्दीन हैदरच्या फौजेत जमादार झाला, पुढे सुभेदार. इंग्रजी शिकला आणि त्या भाषेतली पुस्तकं वाचता वाचता त्याला विलायत बघायचं वेड लागलं. कुणाचं काम नाही, कुणाकडे दाद मागायची नाही, पोटाची चिंता नाही. बघायचं म्हणून बघायचं! दोन वर्षांची रजा घेऊन तो निघाला आणि ३० मार्च १८३७ रोजी कलकत्त्याहून ‘इझाबेला’ जहाजावर चढला.

जहाज आफ्रिकेला वळसा घालत असताना मागे आणि पुढे दोन्हीकडे गादी रिकामी झाली. जूनमध्ये इंग्लंडचा राजा चौथा विल्यम वारला आणि अठरा वर्षांची व्हिक्टोरिया राणी झाली. जुलैमध्ये लखनौला नसिरुद्दीन हैदर गेला. विषप्रयोग झाला, अशी तेव्हा बोलवा होती. ऑगस्टमध्ये यूसुफ खान लंडनला उतरला तेव्हा ज्याने रजा दिली तो मालक या जगात नव्हता. तार नव्हती, आगबोटीची टपालही धड सुरू झाली नव्हती. बातमी माणसाच्याच वेगाने चालायची.

परतताना मात्र त्याने नवी वाट धरली. पोर्तुगाल, स्पेन, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, मग कैरो, सुएझ आणि तिथून मुंबई. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, तो १८६९ साली उघडला. पण अलेक्झांड्रियाला उतरायचं, नाईलवरून कैरो गाठायचं, वाळवंट ओलांडून सुएझला दुसरं जहाज धरायचं, असा हा जवळचा मार्ग नुकताच रुळू लागला होता. त्याची पहिली चाचणी मुंबईनेच केली होती. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून सुएझला पोहोचली, आणि आफ्रिकेच्या वळशातले महिनेच्या महिने वाचू शकतात हे सगळ्यांना कळलं. यूसुफ खानाला जायला पाच महिने लागले होते. या नव्या वाटेने त्याला युरोप आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये काय काय वसलेलं आहे तेही पाहता आलं.

त्याने उर्दूत लिहिलेलं पुस्तक १८४७ साली दिल्लीला छापलं गेलं. विलायतेवरचं उर्दूतलं पहिलं प्रवासवर्णन म्हणून ते ओळखलं जातं. पुढे १८७३ मध्ये लखनौच्या प्रसिद्ध नवलकिशोर छापखान्याने ते ‘अजाइबात-ए-फरंग’ या नावाने काढलं. मिर्झांप्रमाणे हा माणूस तोलूनमापून बोलत नाही. नाटकगृह, बाग, कारखाना, देखणी माणसं, जे आवडलं ते आवडलं म्हणून मोकळेपणाने सांगतो.

या दोघांत पस्तीस वर्षांचं अंतर. दोघंही सुखरूप परतले, दोघांनीही लिहिलं, म्हणून त्यांच्या डोळ्यांनी आपल्याला ती बंदरं दिसतात. पुढच्या दोन प्रवासांत मात्र हौसेला जागा नव्हती. राज्यं एकेक करून खालसा होत होती आणि हिंदुस्थानातली माणसं न्याय मागायला समुद्र ओलांडत होती.

माल्टात फिरलेली दिशा

साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी यांनी याच कामासाठी लंडनमध्ये चौदा वर्षं काढली, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. लखनौपासून अवघ्या ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तातही असंच एक गाऱ्हाणं होतं. जानेवारी १८५१ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे वारले आणि त्यांचा आठ लाखांचा वार्षिक तनखा कंपनीने बंद केला. दत्तकपुत्र नानासाहेबांनी आपला हुशार, इंग्रजी-फ्रेंच जाणणारा वकील अझीमुल्ला खान याला लंडनला पाठवलं. तिथल्या बड्या घरांत त्याचं स्वागत झालं, काम मात्र झालं नाही.

१८५५ च्या उन्हाळ्यात तो रिकाम्या हाताने परत निघाला आणि माल्टाला पोहोचला. तिथून अलेक्झांड्रियाचं जहाज धरायचं, की पुढे सुएझ आणि हिंदुस्थान. पण माल्टाला एक बातमी थडकली होती. क्रिमियात सेवास्तोपोलच्या तटावर १८ जूनला इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी केलेला हल्ला रशियनांनी परतवून लावला होता! ज्यांच्यापुढे हिंदुस्थानात कुणी टिकत नाही असं म्हणत, तेही हरू शकतात? अझीमुल्लाने बेत बदलला. तो अलेक्झांड्रियाला न जाता इस्तंबूलला गेला आणि तिथून थेट क्रिमियाच्या रणभूमीवर. ‘टाइम्स’चा सुप्रसिद्ध बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल त्याला इस्तंबूलमध्ये आणि क्रिमियातही भेटला होता. ही सगळी हकिकत रसेलनेच पुढे आपल्या रोजनिशीत लिहिली. दोन वर्षांनी कानपूरला उठाव झाला तेव्हा नानासाहेबांच्या शेजारी अझीमुल्ला उभा होता. त्या उठावाची कारणं अनेक होती. पण माल्टाच्या धक्क्यावर त्याच्या मनाने घेतलेलं वळण विसरता येत नाही.

पडद्याआडची समुद्रयात्रा

यानंतर वर्षभरातच लखनौहून निघालेली चौथी यात्रा सगळ्यांत मोठी, आणि सगळ्यांत करुण.

४ फेब्रुवारी १८५६ रोजी रेसिडेंट औट्रमने नवाब वाजिद अली शाह यांच्यापुढे राज्य सोडून देण्याचा करारनामा ठेवला. नवाबांनी डोक्यावरची पगडी उतरवून औट्रमच्या हाती दिली, पण सही केली नाही. ७ फेब्रुवारीला अवध खालसा झालं. नवाबांच्या आई मलिका किश्वर, ज्यांना सारं लखनौ ‘जनाब-ए-आलिया’ म्हणे, त्यांनी औट्रमला परोपरीने विनवून पाहिलं होतं. उपयोग झाला नाही. मग कंपनीच्या डोक्यावरून थेट राणी व्हिक्टोरियाकडेच जायचं ठरलं. मार्चमध्ये वाजिद अली शाह लखनौ सोडून कलकत्त्याला आले, पण तिथे आजारी पडले. मुलाला जाता येत नाही, तर आई निघाली!

ज्यांनी आयुष्यात परपुरुषाला तोंड दाखवलं नव्हतं, जनान्याची भिंत हीच ज्यांची दुनिया होती, त्या बाई १८ जून १८५६ रोजी कलकत्त्याला ‘बेंगॉल’ या आगबोटीवर चढल्या. बरोबर धाकटा मुलगा सिकंदर हश्मत, नातू आणि युवराज हमीद अली आणि शंभरावर माणसांचा लवाजमा. त्यात मौलवी होते, खोजे होते, दासी होत्या, स्वयंपाकी होते. वाटाघाटीसाठी मौलवी मसीहुद्दीन खान. ऐन उन्हाळ्यातला तांबडा समुद्र, सुएझला उतरल्यावर घोडागाड्यांतून वाळवंट, मग कैरो, मग अलेक्झांड्रिया. तिथून ‘इंडस’ ही दुसरी आगबोट. या मार्गावरच्या आगबोटी कोळसा आणि टपाल घ्यायला माल्टा आणि जिब्राल्टरला थांबत. मिर्झा अबू तालिब जिथे धक्क्यावरच्या गर्दीत मिसळले होते, त्याच समुद्रातून राजमाता पडद्याआडून गेल्या. त्यांना काय दिसलं, काय वाटलं, समुद्राचा त्रास झाला का, याची त्यांच्या हातची एक ओळही नाही.

ऑगस्टच्या विसाव्या दिवसाच्या सुमारास जहाज साउदॅम्प्टनला लागलं. गोदीवर बघ्यांची झुंबड उडाली. सगळ्यांना हिंदुस्थानची राणी बघायची होती. पण कनाती धरून, पडदे लावून त्यांना उतरवण्यात आलं आणि लोकांना काहीच दिसलं नाही. पुढे लंडनमध्ये मोठं घर भाड्याने घेतलं. दिवस जात राहिले, खर्च वाढत राहिला, भेट काही होईना.

भेट झाली ती ४ जुलै १८५७ ला. तोवर सगळंच उलटंपालटं झालं होतं. १० मेला मीरतला उठाव झाला होता. जूनमध्ये वाजिद अली शाहांना कलकत्त्याच्या किल्ल्यात कैद केलं होतं. लखनौत रेसिडेन्सीला वेढा पडला होता. राजवाड्यात दोन राण्या समोरासमोर बसल्या, ख्यालीखुशालीची बोलणी झाली, आणि ज्या कामासाठी एवढा समुद्र ओलांडला त्यातून काहीच निघालं नाही. नेमक्या त्याच आठवड्यात लखनौत त्यांची सून बेगम हजरत महल हिने आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवलं. सासू लंडनमध्ये अर्ज हातात घेऊन बसलेली, सून लखनौत तलवारीच्या बळावर राज्य राखणारी. एकीला दुसरीची खबर कळायला दीड-दोन महिने लागत.

ऑगस्टमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे अर्ज गेला. तो फेटाळला गेला, कारण त्यात ‘नम्रपणे’ हा शब्द नव्हता! शेवटी परत फिरायचं ठरलं. फ्रान्समार्गे जायला कागदपत्रं लागत होती. सरकारचं म्हणणं, ‘ब्रिटिश प्रजा’ म्हणून नोंद करा, म्हणजे पासपोर्ट मिळेल. अवधच्या मंडळींनी नकार दिला. आम्ही ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचे म्हणवून घेऊ, प्रजा नाही. राज्य गेलं होतं, जडजवाहीर संपत आलं होतं. पण त्या एका शब्दावर सही करणं म्हणजे ज्यासाठी निघालो तेच सोडून देणं होतं.

अखेर त्या पॅरिसला पोहोचल्या, पण खंगलेल्या. जानेवारी १८५८ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. पेर लाशेझ या प्रसिद्ध दफनभूमीत मुसलमानांसाठी आदल्याच वर्षी वेगळी जागा राखली होती, तिथे त्यांना मूठमाती देण्यात आली. महिन्याभरात लंडनमध्ये मुलगा सिकंदर हश्मत गेला. त्यालाही आईशेजारी आणून पुरलं. मार्चमध्ये लखनौ इंग्रजांच्या हाती पडलं.

चार गावं, चार कबरी

आज भूमध्य समुद्राची सफर करणारे बरेच भारतीय प्रवासी आधी किंवा नंतर पॅरिसला दोन दिवस थांबतात. पेर लाशेझला ऑस्कर वाइल्ड आणि संगीतकार शोपँ यांची थडगी बघायला झुंडी जातात. त्याच आवारात, दफनभूमीच्या जुन्या मुस्लिम भागात एक साधा दगडी चौथरा आहे. वरची बांधणी केव्हाच ढासळली. तिथे नाव शोधून सापडत नाही. अवधची राजमाता इथे आहे हे आधी माहीत असेल तरच पाय थबकतात.

लखनौला परत आलं की या कुटुंबाची उरलेली कहाणी पूर्ण होते. हजरतगंजच्या ऐन बाजारात, दुकानांच्या रांगेमागे एक मोठी कमान आहे. तिच्या आत सिब्तैनाबादचा इमामबाडा. मलिका किश्वर यांचे पती, नवाब अमजद अली शाह तिथे चिरनिद्रा घेत आहेत. मुलगा वाजिद अली शाह १८८७ साली कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये वारला. लखनौच्या आठवणीने त्याने तिथेही सिब्तैनाबाद नावाचाच इमामबाडा बांधला होता, त्यातच त्याची कबर आहे. सून हजरत महल इंग्रजांना शरण न जाता नेपाळात गेली आणि १८७९ साली काठमांडूला मरण पावली. पती लखनौला, मुलगा कलकत्त्याला, सून काठमांडूला आणि स्वतः पॅरिसला. एका घरातल्या चार माणसांच्या चार गावांत चार कबरी.

मिर्झा अबू तालिब आणि यूसुफ खान यांची पुस्तकं आज नव्या भाषांतरांतून, नव्या आवृत्त्यांतून वाचता येतात. अझीमुल्लाची हकिकत दुसऱ्याने लिहून ठेवली. मलिका किश्वर यांच्या वाट्याला आले ते वर्तमानपत्रांतले कुतूहल आणि सरकारी कागद. सगळ्यांत मोठा लवाजमा घेऊन, सगळ्यांत मोठं काम मनाशी धरून निघालेल्या बाईंचा तो प्रवास त्यांच्या स्वतःच्या शब्दांत कुठेच उतरला नाही.

म्हणून कधी छोट्या जहाजाच्या सफरीवर जाणं झालंच आणि एखाद्या सकाळी माल्टाची पिवळी तटबंदी खिडकीत उभी राहिली, तर फोटो काढून झाल्यावर घटकाभर डेकवर थांबावं. एक नोकरी गेलेला विद्वान, एक हौशी सुभेदार आणि एक विचारात पडलेला वकील या धक्क्यावर उतरून गेले आहेत. आणि याच पाण्यावरून, पडद्याआड बसून, लखनौची एक आई आपल्या मुलासाठी गेली आहे. तिने हा किनारा पाहिला की नाही, कोण जाणे. आपण तरी तिच्या वाटचा तो डोळे भरून पाहावा.